चौकटीवरचं कापड

हुक सात होते. मंगळवारी सकाळी बुटांच्या खोक्यात, कापसाच्या गादीवर निजलेले असे ते आमच्या संग्रहालयात आले. बोटाच्या दोन पेरांएवढे, लोखंडी, काटकोनात वाकवलेले. दोन्ही टोकांना अणी. एक अणी लाकडात ठोकायची, दुसरी वर तोंड करून उभी राहणार. गंज चढून चढून त्यांचा रंग कपातल्या जुन्या चहाच्या डागासारखा झाला होता.

संग्रहालय म्हणजे आमच्या गावातली बंद पडलेली कापडगिरणी. चिमणी पाडली, छप्पर रंगवलं, भिंतीला दिवे लावले आणि दारावर पाटी आली. मी तिथे वस्तूंखालचा मजकूर लिहिते. एका वस्तूला चाळीस शब्द. संग्रहालयाच्या प्रमुख बाई म्हणतात, "चाळीस शब्दांपुढे माणूस पाटी वाचत नाही, पाटीला रेलतो."

बाईंनी एक हुक उजेडात धरला. "वस्तू मेली बघ, शब्द तेवढा मागे राहिला. टेंटरहुक. याची पाटी सोमवारपर्यंत दे."

"सोमवारी मी नाही, बाई. कोर्टाची तारीख आहे."

बाईंना ठाऊक होतं. गावात सगळ्यांनाच ठाऊक होतं. त्यांनी हुक खोक्यात ठेवला, कापूस नीट केला. "मग शुक्रवारी दे. आणि शुक्रवारी तुझ्या वडिलांना घेऊन ये. त्यांचं मशीन आम्ही मांडलंय, ते बरोबर आहे का बघू देत. चुकीचं मांडलं तर वर बसून शिव्या घालतील सगळे जुने कामगार."

दोन दिवस मी त्या शब्दाच्या मागे होते. पाच-सहाशे वर्षांपूर्वी इंग्रजांच्या मुलखात लोकरीचं कापड विणून झालं की पाण्यात घालून तुडवत, म्हणजे वीण दाट बसे. मग ते जड ओलं कापड गावाबाहेरच्या माळावर नेत. माळावर लाकडी चौकटींच्या रांगाच रांगा असत. त्या चौकटीला म्हणायचं टेंटर. लॅटिनमधल्या 'ताणणे' या शब्दाचं ते लेकरू. चौकटीच्या वरच्या आणि खालच्या आडव्या दांडीवर हे हुक, वितीवितीला एक. कापडाचे दोन्ही काठ त्यांत अडकवले की वाळताना कापड आखडत नसे, वाकडं होत नसे. तशी ताणलेली कापडं उन्हावाऱ्यात माळभर उभी असत. पुढे चौकटी गेल्या, माळांवर घरं झाली. पण कशाची तरी वाट बघत ज्याचा जीव टांगणीला लागलाय, त्या माणसाबद्दल इंग्रज आजही म्हणतात, तो टेंटरहुकांवर आहे.

हे सगळं मी कोरडेपणानं टिपून घेतलं. माळ, चौकटी, ऊन, वारा. मला त्यात काही वाटलं नाही. आमच्या घरात नऊ वर्षांत काही वाटण्याची सवय मोडत गेली होती.

दादा, माझा थोरला भाऊ, एका गुरुवारी सायकलचं पंक्चर काढायला गेला. अंगावर निळ्या चौकड्यांचा शर्ट. पंक्चरवाल्याला म्हणाला, "हवा भरून ठेव, आलोच." संध्याकाळी अण्णा, म्हणजे आमचे वडील, त्याला शोधत तिथे गेले तेव्हा सायकल भिंतीला टेकून उभी होती. पंक्चर काढलेलं, हवा भरलेली. त्यापुढचं कुणालाच काही सांगता येत नाही. भांडण नव्हतं, चिठ्ठी नव्हती. वहिनीशी त्याचं लग्न होऊन सात महिने झाले होते.

पोलिसांनी अण्णांना तीनदा बोलावलं, सापडलेल्या प्रेताची ओळख पटवायला. अण्णा गिरणीत एकतीस वर्षं स्टेंटर चालवत. स्टेंटर म्हणजे त्या लाकडी चौकटीच्याच गोतातलं मशीन, फक्त लोखंडी आणि बंदिस्त. दोन बाजूंना पिनांच्या साखळ्या, त्या ओल्या कापडाचे काठ धरतात आणि कापडाला तापलेल्या कप्प्यांतून ओढत नेतात. म्हणून गिरणीच्या कापडाला काठाशी बारीक भोकांची रांग असते. दादाचा तो शर्ट गिरणीतल्या तुकड्याचा होता, आणि शिंप्यानं कापड पुरवायला काठ बटणपट्टीच्या आत दाबला होता. त्यामुळे तिन्ही वेळा अण्णांनी चेहरा बघितलाच नाही. शर्टाची बटणपट्टी उलटली, अंगठ्यानं चाचपली, आणि "नाही" म्हणाले. घरी आले, हात धुतले, जेवायला बसले. पहिल्या खेपेला आईनं ताट लोटून दिलं होतं. तिसऱ्या खेपेला तिनं विचारलं, "वाढू?"

तर अशी नऊ वर्षं. सात वर्षं माणसाचा काही ठाव लागला नाही की कायदा त्याला गेला असं धरायला तयार होतो. फक्त कुणीतरी ते मागावं लागतं. वहिनीनं यंदा मागितलं. ती बाजारात चष्म्याच्या दुकानात काचा घासते. त्या दुकानाचा मालक, बायको वारलेला, साधा माणूस. त्यानं वहिनीला विचारलं आणि वहिनीनं घरी येऊन आम्हाला सांगितलं. जसं भाजी महाग झाली सांगावं तसं सांगितलं.

आई म्हणाली, "चष्म्याचं दुकान असून त्याला हिच्या घरातली माणसं दिसली नाहीत?"

"दिसली म्हणूनच विचारलं, आई," वहिनी म्हणाली. "नाहीतर पळवून नेलं असतं. तेवढा दम नाही त्याच्यात. जिना चढला तरी धापा टाकतो."

आई हसली नाही. पण तिनं दुसऱ्या दिवशी वहिनीच्या डब्यात नेहमीएवढंच घातलं.

वकिलांनी कागद करून दिला होता. मुलाबद्दल नऊ वर्षांत आम्हाला कसलीही खबर नाही, आणि तो हयात नाही असं धरण्याला आमची हरकत नाही. खाली अण्णांच्या सहीची जागा. सोमवारी तो कागद कोर्टात द्यायचा. सहीशिवाय दिला तर तारखा पडत जाणार, दोन वर्षं, चार वर्षं, आणि वहिनी म्हणाली होती, "सही नसली तर मी अर्ज काढून घेईन. अण्णांच्या विरुद्ध उभी नाही राहायची मी." एवढं बोलून ती झोपायला गेली. ती कधी त्यावर पुन्हा बोलली नाही. कागद तीन आठवडे फळीवर, साखरेच्या डब्याखाली. डबा उचलला की कागदावर गोल ठसा दिसे.

अण्णा तो डबा उचलत नसत. ते बिनसाखरेचा चहा प्यायला लागले होते. आणखी एक. त्यांच्या चष्म्याचा नंबर वर्षभरापूर्वीच बदलायला आला होता, पण चष्म्याचं दुकान गावात एकच. अण्णा तिकडे फिरकेनात. पेपर हातभर लांब धरून मथळे वाचायचे, खालचं सोडून द्यायचे.

आई दोरीवर कपडे घालताना गुणगुणायची. तिला ओव्या तिच्या आईकडून आल्या होत्या आणि काही तिच्या तिलाच सुचायच्या; कुठली कुठली ते तीही सांगू शकत नसे. नऊ वर्षांत आवाज तोच राहिला होता, पण त्यातलं पाणी आटलं होतं.

*वाळत घातलं धुणं, दोरी वाकली भारानं*
*दिस परतला घरा, वाट पुसली वाऱ्यानं*

दादाच्या पलंगावरची चादर ती दर दुसऱ्या रविवारी धुवायची. कुणी न निजलेली चादर.

शुक्रवारी मी अण्णांना घेऊन गेले. येताना त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, खिशात मोजपट्टी. गिरणीत त्यांना पन्हामास्तर म्हणत. पन्हा म्हणजे कापडाची रुंदी. अण्णा ती नुसत्या नजरेनं सांगत आणि पाव इंचानंही चुकत नसत. लग्नासाठी मुलगी बघायला गेले तेव्हा आईचं नाव विसरले, पण तिच्या पदराचा पन्हा सांगितला, असं आई सांगते.

मशीन तसंच होतं, तीन बसगाड्या एकामागे एक लावाव्यात एवढं. पिना पुसून लखलखीत केलेल्या. अण्णा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले, कप्प्यांची दारं उघडून आत हात घालून आले. मग कंबरेवर हात ठेवून उभे राहिले.

"लीडर कुठाय?"

बाई गोंधळल्या. "कोण? युनियनचा?"

"तो कधीचा गेला तालुक्याला घर बांधून," अण्णा म्हणाले. "लीडर म्हणजे लीडरचं कापड हो, बाई. हे मशीन रिकामं ठेवत नसतात. लॉट संपत आला की शेवटच्या टोकाला जुनं फडकं शिवायचं, लांबच्या लांब, आणि ते आत राहू द्यायचं. उद्या नवा लॉट आला की त्याच फडक्याला शिवला, की तो ओढत ओढत आपल्या वाटेनं जातो. रिकाम्या मशीनमध्ये कापड ओवायचं म्हणजे दोन माणसं आणि अर्धी पाळी फुकट."

"आता कुठला नवा लॉट येणार, अण्णा?" मी म्हणाले.

"ते मशीनला माहीत नाही."

बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. "जुनं कापड चालेल ना? आम्ही नवं पांढरं आणलं असतं."

"नवं नाही. लीडर जुनाच असतो. त्याचं स्वतःचं काही व्हायचं नसतं."

मग मी त्यांना खोकं दाखवलं. अण्णांनी एक हुक उचलला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, शेवटी नाद सोडून अंगठ्यानं अणी चाचपली. मी त्यांना ते सगळं सांगितलं. तुडवलेलं कापड, माळ, चौकटी, आणि टांगणीला लागलेल्या जिवाला इंग्रज काय म्हणतात ते. अण्णा ऐकत होते ते माझ्या अंदाजानं अर्धंच. ते त्या माळावर पोचले होते.

"ऊन कितपत असायचं तिकडं?"

"कमीच असणार. पावसाचा मुलूख."

"मग दोन-तीन दिवस लागत असतील एका कापडाला. लोकर म्हणजे पाणी पिऊन बसते." हुक बोटांत फिरवत ते म्हणाले, "तू लिहिलंयस ना, की हुक कापडाला ताणतात?"

"हो."

"खोड ते. हुक काय करणार? ते जागचे हलत नाहीत. कापड ओलं असतं, वाळता वाळता आखडायला बघतं, आणि काठ अडकलेले. ताण त्याचा त्यालाच बसतो."

मी खोडलं. "आणि वाळलं की?"

"वाळलं की संपलं. पन्हा बसला. मग ताण नाही, काही नाही. नुसतं टांगलेलं."

"म्हणजे तेव्हा त्याला काही..."

"कापडाला काय वाटायचंय?" अण्णा म्हणाले. मग हुक खोक्यात ठेवत, "पण काढायला हवं. वाळलेलं तसंच ठेवलं तर वारा काठ फाडतो. उन्हानं रंग जातो. बघणाऱ्याला वाटतं, छान उभं आहे."

बाई मध्येच म्हणाल्या, "मग काढायचं कुणी? म्हणजे त्याला वेगळा माणूस असायचा का? पाटीत घालता येईल."

"तिकडचं मला नाही माहीत. आमच्याकडे ज्यानं चढवलं त्यानं उतरवायचं. भोंगा होऊ दे, पाहुणे येऊ देत. आत आपलं कापड ठेवून मशीन दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही. तो बिचारा काय करणार? त्याला काय ठाऊक कधी चढवलं, किती वाळलंय?"

"एकतीस वर्षांत कधीच नाही दिलं?"

"कधीच नाही," अण्णा म्हणाले. आणि त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसायला घेतला. बराच वेळ पुसत होते. काच स्वच्छच होती.

घरी परतताना ते गिरणीच्या कुंपणाच्या कट्ट्यावर बसले. पाय दुखतात का विचारलं तर मान हलवली. समोरून दोन माणसं कपाट घेऊन चालली होती, एक उलटा चालत होता. ती वळणावर जाईपर्यंत अण्णा बघत राहिले.

"तिचे वडील आले होते," ते म्हणाले. "वर्ष झाल्यावर. तुझ्या वहिनीला न्यायला. बॅग भरून दारात ठेवली होती तिनं. निळी बॅग."

मला आठवत होती. मी तेव्हा आत परीक्षेचा अभ्यास करत होते.

"मी म्हटलं, थांब पोरी. तो येईल आणि तू नसलीस तर त्याला काय सांगू? तिनं बॅग उचलून आत ठेवली. वडिलांनी चहासुद्धा घेतला नाही." अण्णांनी हाताचे तळवे गुडघ्यांवर पालथे ठेवले. "चोवीस वर्षांची होती गं ती."

आता बत्तीस. मी ते बोलले नाही. आकडा त्यांनीही मनात केलाच असणार, मोजमाप त्यांच्या हातचंच. आम्ही उठलो. वाटेत त्यांनी मला विचारलं, घरात निळ्या शाईचं पेन आहे का, वकिलांना काळी लागते की निळी. मी म्हटलं, कुठलीही चालते.

घरी वहिनी नुकतीच दुकानातून आली होती. काचांची पांढरी भुकटी तिच्या नखांत असते. ती मोरीपाशी ब्रशनं नखं घासत होती. आई दोरीवरचे कपडे काढून खांद्यावर टाकत होती. अण्णा सरळ फळीपाशी गेले. साखरेचा डबा उचलून टेबलावर ठेवला, कागद काढला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्या डब्याला त्यांचा हात लागला होता.

आईनं पाहिलं. खांद्यावरचे कपडे तसेच. "म्हणजे ठरलं तुमचं?"

"हं."

"आणि उद्या तो दारात येऊन उभा राहिला तर? तुम्ही सही केलीत, तुमच्या हातानं. काय सांगणार त्याला?"

"आला तर मी आहे ना. मी सांगेन काय ते." अण्णा खुर्चीवर बसले. "हिनं का सांगावं? हिला मी थांबवून ठेवलं होतं. आपण आपलं कापड आत ठेवून घरी आलो, आणि नऊ वर्षं दुसऱ्याला म्हणतोय, तू बघ."

आईला यातलं कापड कुठलं ते कळलं की नाही, मी सांगू शकत नाही. ती गिरणीवाल्याची बायको, कळलं असावं. ती भिंतीला टेकली. रडली नाही. मला वाटलं होतं, या क्षणी तरी कुणीतरी रडेल. नळ गळत होता. वहिनीनं हात पुसत मागे वळून तो बंद केला.

"अण्णा," ती म्हणाली, "माझ्यासाठी म्हणून करू नका."

"मग कुणासाठी करू? चष्मेवाल्यासाठी?" अण्णा म्हणाले. "ये इकडे. कुठं करायची सही, मला दिसत नाहीये."

ते खोटं नव्हतं. त्यांनी कागद लांब धरला, जवळ घेतला, तिरका केला. अक्षरं त्यांच्यापुढे नुसती मुंग्यांची रांग असणार. वहिनी त्यांच्या बाजूला येऊन उभी राहिली. तिनं तर्जनी कागदावर टेकवली, शेवटच्या ओळीखाली. बोट जरा ओलंच होतं. कागदावर थेंबाचा डाग पडला.

"इथं."

"पेन उलटं धरलंय तुम्ही," मी म्हणाले.

अण्णांनी पेन फिरवलं आणि तिच्या बोटाच्या अगदी शेजारून सही सुरू केली. सावकाश, गिरणीच्या पाळीबुकात करायचे तशी पूर्ण नावाची. सही संपली तरी वहिनीनं बोट उचललं नाही. मग उचललं.

अण्णांचा अंगठा कागदाच्या कडेवरून वरपासून खालपर्यंत गेला. उलटून दुसऱ्या कडेवरूनही. कड गुळगुळीत होती. त्यांनी कागद टेबलावर ठेवला.

मग आई म्हणाली, "सोमवारनंतर तेवढा चष्म्याचा नंबर बदलून घ्या. दुकान आता घरचंच."

"आणि साखर द्या त्यांना चहात," वहिनी म्हणाली. "तीन आठवडे तोंड वाकडं करून पितायत."

"त्याच्या पलंगावरची चादर कुठाय?" अण्णांनी विचारलं.

"का?"

"उद्या हिच्याबरोबर पाठव गिरणीत. लीडरला हवीय. आणखी जुनी असतील तीही बघ, एक पुरायची नाही. शिवून मोठी करू. मशीन रिकामं ठेवलंय त्या लोकांनी."

आईच्या खांद्यावर जे कपडे होते त्यांतच ती चादर होती. दुसरा रविवार यायला दोन दिवस होते, पण ऊन चांगलं म्हणून तिनं आजच धुतली होती. तिनं बाकीचे कपडे खुर्चीवर टाकले आणि चादर झटकली. न सांगता वहिनीनं पुढे होऊन पलीकडचे दोन कोपरे धरले. दोघी मागे सरकल्या. एक ओट्यापर्यंत, एक दारापर्यंत. चादर दोघींच्या मध्ये ताठ झाली, जरा थरथरली, थांबली. मला तिच्यातून खिडकी दिसत होती, इतकी ती विरली होती.

"चौपन्न इंच," अण्णा म्हणाले. त्यांचे डोळे पुन्हा कागदाकडे वळले होते. "साठ होती आणली तेव्हा."

"धुऊन धुऊन, अण्णा," वहिनी म्हणाली, आणि घडी घालायला आईच्या दिशेनं चालत आली.